रताळं पाण्यात की वाफेवर?

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रातील भाषण. सभेतून आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)



विषयाचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मला इथपर्यंत ऐकू आलं. कापसावर बोलून झालं, ज्वारीवर बोलून झालं, आणि आता ही बाई आम्हाला रताळं उकडायला शिकवणार! आपल्या भाषेत कुणाला बावळट म्हणायचं असलं की 'रताळ्या' म्हणतात. तेव्हा रताळ्यावर भाषण करायला उभ्या राहणाऱ्या बाईची काय गत होणार, हे ठाऊक असूनच मी उभी राहिले आहे.

हसणाऱ्यांना मी एवढंच विचारते. नवरात्र कधी येतं? आणि कापसाची पहिली वेचणी कधी येते? दोन्ही बहुधा एकाच सुमाराला येतात. तुमच्या शेतात ओटी बांधून वाकलेल्या बायांमध्ये नऊ दिवस उपवास धरलेल्या किती आहेत, ते यंदा मोजा. त्याच्या आधी श्रावण जातो. श्रावणात खुरपणी असते आणि सोमवार असतात, शनिवार असतात, एकादशी असते, चतुर्थी असते. घरातल्या पुरुषानं उपवास धरला तर तो त्या दिवशी पारावर बसून भजन ऐकू शकतो. बाईनं धरला तर खुरपं काही सुटत नाही. सकाळी कपभर चहा, दुपारी डब्यातला मूठभर साबुदाणा आणि संध्याकाळी ओटीतल्या कापसाचं वजन. रात्री घरी येऊन बाकीच्यांच्या भाकरी थापायच्या त्या वेगळ्याच.

उपवास धरावा की धरू नये, हे सांगायला मी आलेली नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. मी बोलते आहे ती त्या डब्याबद्दल.

साबुदाणा कुठून येतो? तामिळनाडूत सेलमच्या बाजूला कसाव्याच्या कंदाचा स्टार्च काढतात, त्याचे दाणे करतात, ते भाजून-वाळवून पोत्यात भरतात आणि आपल्या गावच्या दुकानात येतात. आपण शेतकरी असून उपवासाच्या दिवशी रोख पैसे मोजून सेलमचा स्टार्च विकत आणतो. बरं, आणला तर आणला, त्यात आहे काय? सव्वाशे ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून साधारण सव्वाचारशे-साडेचारशे कॅलरी मिळतात. प्रथिनं नावापुरती, चोथा जवळजवळ नाही. खिचडीला जे काही सत्त्व आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं. तेवढ्याच कॅलरीसाठी रताळं खायचं तर सुमारे अर्धा किलो लागतं. पण त्या अर्ध्या किलोतून सहा ते आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि पंधरा ग्रॅमच्या आसपास चोथा मिळतो. वर पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व. अर्धा किलो म्हणजे ऐकायला पुष्कळ वाटतं, पण सकाळी एक आणि दुपारी दोन मध्यम रताळी खाल्ली की झालं. बरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे घेतले तर दिवस निघतो. ना तेल लागतं, ना फोडणी, ना डबा. सालासकट शिजलेलं रताळं फडक्यात बांधून बांधावर नेता येतं.

इथे कुणी म्हणेल, रताळं काय, साबुदाणा काय, उपवासाला चालतं ते सगळं सारखंच. तर त्यातली एक गंमत सांगते. रताळं, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, साबुदाण्याचा कसावा आणि राजगिरादेखील, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि त्यांच्या मागून आलेल्या जहाजांनी आणलेली. त्याआधीच्या पाच-सातशे वर्षांपूर्वीच्या बाईनं उपवासाला यातलं काहीच पाहिलं नव्हतं. आणि 'बटाटा' हा शब्द मुळात रताळ्याचाच आहे. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. तो शब्द पोर्तुगीजांनी उचलला, पुढे तो दुसऱ्याच कंदाला चिकटला आणि आपल्याकडे त्या दुसऱ्याच्या नावानं रूढ झाला. नाव गेलं, मान गेला, आणि 'रताळ्या' ही शिवी तेवढी राहिली. खरं तर बटाट्याचं आणि रताळ्याचं नातंही नाही. रताळ्याचा सख्खा भाऊबंद पाहायचा असेल तर नाल्याच्या कडेला वाढणारी बेशरम पाहा. दोघांच्या फुलांचा भोंगा शेजारीशेजारी धरून बघा म्हणजे पटेल.

आता मुद्द्यावर येते. चांगलं रताळं घरात आलं, पुढे आपण त्याचं काय करतो? विळीवर धरून टोकं छाटतो, साल काढतो, मोठे तुकडे करतो, पातेलंभर पाण्यात टाकतो, खळखळ उकळी आणतो, आणि शिजल्यावर ते पाणी न्हाणीत ओततो. ते पाणी एकदा बोट बुडवून चाखा. गोड लागेल. तो गोडवा तुमच्या रताळ्याचा आहे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, पोटॅशियम पाण्यात उतरतं, साखर पाण्यात जाते. जितके तुकडे जास्त, तितक्या कापलेल्या बाजू जास्त, तितकी गळती जास्त. चार महिने वेलाला सांभाळायचं आणि शेवटच्या अर्ध्या तासात त्यातला माल न्हाणीच्या मोरीत सोडायचा, असा हा प्रकार आहे.

हळद करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वसमत १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, हिंगोली वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. तिथल्या हळदवाल्यांना विचारा. पूर्वी मोठ्या कढईत पाणी घालून हळद शिजवायची, खाली रात्रभर जाळ करायचा. खालची हळद जास्त शिजायची, वरची कच्ची राहायची, आणि कढईतलं पाणी पिवळंधमक व्हायचं. आता वाफेचं यंत्र आलं. टाकीत पाणी थोडं, ड्रममध्ये हळद, मधून वाफ. पाणी कमी, जळण कमी, वेळ कमी आणि शिजणं एकसारखं. म्हणजे विकायच्या मालासाठी शेतकऱ्यानं वाफेचा हिशेब केला आणि तो पटला म्हणून खिशातले पैसे घातले. पण घरात खायच्या कंदासाठी तोच हिशेब कुणी केला नाही. कारण ते बायकांचं काम आणि त्याचा भाव बाजारात लागत नाही.

घरच्या वाफेला यंत्र लागत नाही. एक खोल पातेलं घ्या. तळाशी दोन बोटं पाणी. पाण्यात एक वाटी उपडी ठेवा आणि तिच्यावर पातेल्यात बसेल अशी भोकाची चाळणी किंवा ताटली. चाळणीला पाणी लागता कामा नये. इडलीपात्र असेल तर प्रश्नच नाही. पाण्यात एक जुनं नाणं टाकून ठेवा. पाणी उकळत असेतो ते खडखडत राहतं. आवाज बंद झाला की समजायचं पाणी आटलं, कडेनं पेलाभर गरम पाणी सोडायचं. चाळणीवर रताळी ठेवा. अख्खी, सालासकट, टोकं न छाटता. वर घट्ट झाकण, झाकणावर वजन. फटीतून वाफ जात असेल तर ओलं फडकं गुंडाळा, पण त्याचं टोक जाळावर लोंबू देऊ नका.

चाळणी नसली तर काही बाया पातेल्याच्या तळाशी काड्यांची आडवी-उभी जाळी करतात. युक्ती चांगली आहे, पण त्यासाठी पऱ्हाटी वापरू नका. आपण कापसावर काय काय फवारतो ते आपल्याला माहीत आहे. पऱ्हाटी चुलीत घाला, पातेल्यात घालू नका. बांबूच्या कामट्या धुऊन घेतल्या तर चालतील.

रताळी निवडताना एका घाण्याला एका जाडीची घ्या. हे बारीक वाटतं, पण अर्धी गडबड इथेच होते. दोन बोटं जाडीचं रताळं वाफ धरल्यापासून वीसेक मिनिटांत शिजतं, मुठीएवढं जाड असलं तर पस्तीस-चाळीस मिनिटं घेतं. दोन्ही एकत्र घातली की बारीक फुटतं आणि जाड आत टणक राहतं. शिजलं का ते पाहायला मधोमध काडी खुपसा. सहज आरपार गेली की उतरवा आणि झाकण न काढता दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग साल हातानं बाहीसारखी निघते. कच्चं असताना विळीनं साल काढलं तर सालाबरोबर गरही जातो.

धुणं मात्र नीट हवं. आपली काळी माती सालाच्या खाचेत बसते आणि वाळली की सिमेंटसारखी होते. तासभर पाण्यात ठेवा, मग काथ्यानं किंवा नारळाच्या शेंडीनं घासा. भारी काळ्या रानातलं रताळं वाकडंतिकडं आणि भेगाळ होतं, म्हणून त्यात माती जास्त अडकते. हे पीक मुळात हलक्या, भुसभुशीत रानाचं. गोदावरीच्या किंवा दुधनेच्या काठच्या गाळाच्या पट्ट्यातलं रताळं हातात घ्या आणि काळ्या रानातलं घ्या, फरक कळेल.

आता पाणी आणि जळण. दोन किलो रताळी पातेल्यात बुडवून उकडायची तर तीन लिटर पाणी लागतं. वाफेवर अर्ध्या लिटरात काम होतं. म्हणजे अडीच लिटर पाणी नुसतं तापवायचं आणि फेकायचं. तेवढं पाणी उकळीला आणायला तीस ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. एका वेळेला हे काहीच नाही, मी ते फुगवून सांगणार नाही. पण जिथे अजून चुलीवर रांधतात तिथे तेवढीच जास्तीची लाकडं, तेवढाच जास्तीचा धूर आणि तो धूर कुणाच्या डोळ्यांत जातो ते आपण जाणतो. पाण्याचंही तसंच. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्या तांड्या-वाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला अडीच लिटर म्हणजे काय ते विचारा.

वाफेची सोय नसेल आणि पाण्यातच उकडायचं असेल तरी नुकसान कमी करता येतं. अख्खं ठेवा, साल ठेवा, रताळं जेमतेम बुडेल एवढंच पाणी घ्या. पाणी थंड असतानाच रताळी टाका आणि उरलेलं पाणी भाकरीच्या पिठात जिरवा किंवा म्हशीच्या आंबोणात घाला. आधी नीट धुतलं असेल तर त्या पाण्यात टाकण्यासारखं काही नसतं.

थंड पाण्यातून का सुरुवात करायची? यात एक शास्त्र आहे आणि ते तुम्हाला समजेल, कारण तुम्ही ज्वारीला मोड आणून पाहिलेले आहेत. मोड आलेल्या धान्याचं पीठ गोडसर लागतं. धान्यात असलेलं विकर स्टार्च तोडून त्याची माल्ट साखर करतं. रताळ्यात तसंच एक विकर असतं, त्याला बीटा-अमायलेज म्हणतात. रताळं साठ अंशाच्या पुढे तापलं की आतला स्टार्च फुगतो आणि विकराला तो तोडता येतो. ऐंशी अंशाच्या आसपास गेलं की विकरच मरतं. मधल्या वीस अंशांत रताळं जितका वेळ रेंगाळेल तितकं गोड होतं. म्हणून हळूहळू तापलेलं रताळं गोड आणि कुकरमध्ये घाईनं शिजवलेलं त्या मानानं फिकं. हुरड्याच्या आगटीत, राखेत पुरून भाजलेलं रताळं इतकं गोड का लागतं, त्याचंही कारण हेच. तिथे तापणं संथ असतं, शिवाय पाणी उडून जातं आणि गोडी घट्ट होते. तेव्हा वाफेवर ठेवतानाही पातेलं थंड असतानाच रताळी मांडा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं जाळ बारीक ठेवा.

काढल्या काढल्या शिजवलेलं रताळंही गोड लागत नाही. ते सावलीत, हवेशीर जागी, पोत्यानं झाकून आठ-दहा दिवस ठेवा. काढताना कुदळीचे ओरखडे लागलेले असतात ते भरून येतात, साल घट्ट होतं आणि गोडी वाढते. एकादशीच्या आदल्या दिवशी उपटून दुसऱ्या दिवशी बाजारात ओतलेलं रताळं भावही पाडतं आणि चवही घालवतं. बेळगाव, खानापूर, चंदगड भागातून एकादशी-शिवरात्रीला रताळी मुंबई-पुण्यापर्यंत जातात. तेवढा प्रवास सोसायला साल पक्कं असावं लागतं.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका, कारण ही जीवावरची आहे. रताळ्याला सोंड्या लागतो. सालाला बारीक भोकं दिसतात, कापलं की आत काळपट बोगदे दिसतात आणि उग्र वास येतो. अशा रताळ्याची चव कडू होते. कीड किंवा बुरशी लागली की कंद स्वतःच्या बचावासाठी कडू विषारी द्रव्यं तयार करतो. बाया काय करतात? किडका भाग काढून बाकीचं उकडतात. थोडी कीड असेल आणि उरलेला भाग स्वच्छ, गोड असेल तर ठीक. पण कडू लागलं की सगळं टाका. उकडल्यानं कडूपणा जात नाही, वाफवल्यानं जात नाही आणि विषही जात नाही. आणि टाका म्हणजे गोठ्यात टाकू नका! आपल्याला सवय आहे, घरात नको ते बैलाच्या पुढे. बुरशी लागलेली, सडकी रताळी खाऊन गाईगुरांच्या फुप्फुसात पाणी भरतं. जनावर मान ताणून धापा टाकतं, तोंडाला फेस येतो आणि काही दिवसांत दगावतं. अमेरिकेत आणि जपानमध्ये असे कळप मेल्याच्या नोंदी आहेत, आणि ज्या बुरशीनं ते होतं तशी बुरशी जमिनीत सगळीकडे असते. शेताच्या कडेला ढीग टाकला तरी मोकळं जनावर तिथे पोचतं. खोल खड्डा करून पुरा. रताळ्याचा वेल मात्र निरोगी असेल तर जनावराला खुशाल घाला, तो चांगला चारा आहे.

आता साखरेच्या आजाराचं. पूर्वी हा शहरातला रोग म्हणायचे, आता गावोगाव गोळ्या घेणारी माणसं आहेत. त्यांना कुणी सांगतं रताळं गोड म्हणून खाऊ नका, कुणी सांगतं कंद म्हणून चांगलं. खरं उत्तर शिजवण्यात आहे. जमैका देशातल्या संशोधकांनी दहा जातींची रताळी वेगवेगळ्या तऱ्हेनं शिजवून माणसांना खायला दिली आणि रक्तातली साखर मोजली. २०११ साली ते छापून आलं. ग्लुकोजला १०० धरलं तर उकडलेल्या रताळ्याचा आकडा ४१ ते ५० आला आणि भाजलेल्याचा ८० ते ९४ च्या घरात गेला. तळलेलं मधे राहिलं. माल तोच, आकडा जवळजवळ दुप्पट! म्हणून साखर असलेल्या माणसानं आगटीतल्या रताळ्याच्या वाटेला जाऊ नये, उकडलेलं एखादं खावं, आणि त्या जेवणात भाकरी तेवढी कमी करावी. उकडलं म्हणून पोटभर खाल्लं तर साखर वाढणारच.

आणखी एक गोष्ट रंगाची. आपल्याकडे बाजारात येतं ते बहुतेक बाहेरून लाल-गुलाबी आणि आतून पांढरं. चवीला ते चांगलंच, पण त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. आतून केशरी असलेल्या रताळ्यात ते भरपूर असतं. आफ्रिकेत मोझांबिक आणि युगांडात लहान मुलं अ जीवनसत्त्वाअभावी आंधळी होत, मरत. तिथे केशरी रताळी गावोगाव नेली, त्या कामासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जान लो यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या जोडीला हॉवर्थ बॉइस होते, पिकाच्या बियाण्यातच पोषण भरायच्या कामासाठी. आपल्या परभणीच्या विद्यापीठातून २०१८ साली 'परभणी शक्ती' ही लोह-जस्त जास्त असलेली ज्वारी आली, ती याच वाटेवरची. केशरी रताळ्याची 'भू सोना' ही जात केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची आहे. शंभर ग्रॅमला चौदा मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन तिच्यात सांगितलं आहे. पण तिची शिफारस ओडिशासाठी झालेली आहे. तेव्हा कुणी 'भू सोना' म्हणून वेलांचा भारा विकायला आला तर एकदम दहा गुंठे लावू नका. विहिरीच्या कडेला दोन सऱ्या लावा, आपल्या रानात कशी येते ते बघा. आणि केशरी रताळं खाताना थोडं तूप किंवा शेंगदाणे बरोबर हवेत, कारण हे द्रव्य स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. सालासकट, झाकण घालून शिजवलं तर ते बरंचसं टिकतं. उन्हात वाळवलं तर बरंचसं उडतं.

माझं बोलणं झालं. आता प्रश्न विचारा.

*

प्रश्न : उपवासाला वाफेवरचं चालतं का? आमच्या सासूबाई म्हणतात उकडलेलंच चालतं.

उत्तर : वाफेवरचं हेही उकडलेलंच. गणपतीचे मोदक कशावर होतात ते सासूबाईंना विचारा. फक्त ज्या चाळणीत आदल्या दिवशी पीठ चाळलं असेल ती धुऊन घ्या, म्हणजे त्यांनाही शंका राहणार नाही.

प्रश्न : कुकरला किती शिट्ट्या?

उत्तर : तळाला जाळी, एक पेला पाणी, रताळी जाळीवर. मध्यम जाडीला दोन शिट्ट्या, मग गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. गोडी थोडी कमी येईल, पण वेचणीला जायच्या सकाळी वेळ हाच महाग असतो. तेव्हा कुकर वापरा, त्यात काही वाईट नाही. पाण्यात बुडवू नका म्हणजे झालं.

प्रश्न : आमच्या घरी रताळं खाल्लं की पोट फुगतं.

उत्तर : बहुतेक वेळा ते आत कच्चं राहिलेलं असतं. कच्च्या रताळ्यात प्रथिनांचं पचन अडवणारं एक द्रव्य असतं, ते नीट शिजल्यावर जातं. काडी मधोमध घालून बघा, टोकाला नाही. टोक नेहमी आधी शिजतं. शिवाय दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी एकदम तीन रताळी खाल्ली तर पोट बोलणारच. थोडं थोडं, चावून खा.

प्रश्न : फ्रीजमध्ये ठेवलेली रताळी तासभर शिजवली तरी आतून गोट्यासारखी राहिली. बियाणं खराब होतं का?

उत्तर : बियाण्याचा दोष नाही. कच्चं रताळं थंडीला सोसत नाही. बारा अंशांच्या खाली बरेच दिवस राहिलं की आतला भाग असा होतो, की मग किती शिजवलं तरी मऊ पडत नाही. कच्ची रताळी फ्रीजच्या बाहेर, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. शिजलेली मात्र फ्रीजमध्ये ठेवली तर चालतात. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपवा. आणि गरम गरम डब्यात कोंबू नका, आतल्या घामानं बुळबुळीत होतात आणि आंबतात. फडकंच बरं.

प्रश्न (पुरुषांमधून) : शिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत शिजवून विकली तर परवडेल का?

उत्तर : भाव मी सांगू शकत नाही, तो त्या दिवशीच कळतो. पण वजनाचा हिशेब सांगते. सालासकट वाफवलं तर वजन फारसं घटत नाही. भाजलं तर पाणी उडून वीस-तीस टक्के घट येते. म्हणजे दहा किलो भाजायला घेतली तर हातात सात-आठ किलो राहतात. भाजलेल्याला गिऱ्हाईक खुशीनं जास्त देत असेल, तर ती घट त्या दरात बसते का ते बघा. बसत नसेल तर वाफेवरची विका, आणि वजनावर न विकता नगावर विका. त्यासाठी एका जाडीची निवडून घ्यावी लागतील, ते काम आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे. एकट्या बाईनं नाही.

प्रश्न : एकदम निघालेला माल पडून राहतो. वाळवता येतो का?

उत्तर : येतो. चकत्या करा, बोटाच्या पेरापेक्षा पातळ. त्या पाच-सात मिनिटं वाफेवर धरा, पूर्ण शिजवू नका. मग जाळीवर किंवा स्वच्छ धोतरावर पसरा. पांढरी असतील तर उन्हात, केशरी असतील तर वाऱ्याच्या सावलीत. मोडली की कट्‌कन आवाज येईपर्यंत वाळवा. तीन-चार किलोंची एक किलो होतात. झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात एखादं चांगलं ऊन पडलं की एकदा डबा उघडून वारा दाखवा. पुढच्या उपवासाला त्या रात्रभर भिजवून पुन्हा वाफेवर ठेवता येतात, किंवा दळून त्याच्या पिठाच्या घाऱ्या होतात.